ड्यूस ट्रकचा फ्लेम हीटर: वायर काढून भागत नाही, डिझेलची वाट बंद करा

ट्रक आठ-दहा दिवस उभा राहतो. मग सेल्फ मारला की पहिले काही फेरे इंजिन जड फिरतं, अडखळतं, आणि सुरू झाल्या झाल्या पांढऱ्या धुराचा असा लोट सोडतं की शेजारी बाहेर येऊन बघतात. धुराला कच्च्या डिझेलचा वास असतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. पाच-दहा मिनिटांनी सगळं सुरळीत होतं. फिल्टर बदलले, नोझल तपासून घेतली, पंपाचं टायमिंग पाहिलं, तरी पुढच्या वेळी गाडी उभी राहिली की पहिले पाढे पंचावन्न.

अमेरिकन फौजेचा एम३५ए२, म्हणजे इथे ज्याला सगळे ‘ड्यूस’ म्हणतात तो अडीच टनी सहाचाकी ट्रक, ज्यांच्याकडे आहे त्यांना ही तक्रार ओळखीची असेल. मी टेक्सासमध्ये राहतो. सरकारी लिलावातून निघालेले हे ट्रक इकडे हौशी लोकांकडे भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रकमध्ये या तक्रारीचं मूळ इंजेक्शन पंपात किंवा हेडमध्ये नसतं. ते इन्टेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यावर, बसवलेल्या एका छोट्या जोडणीत असतं: फ्लेम हीटर. थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून दिलेला, आणि उष्ण मुलखातल्या मालकाने कधीच न वापरलेला. न वापरल्यामुळेच तो गळतो, आणि गळतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आधी तो तिथे का आहे हे समजून घ्या, कारण काढायचा की नाही हे त्यावरच ठरतं. ड्यूसचं इंजिन म्हणजे कॉन्टिनेंटलचं एलडी-४६५ किंवा टर्बो लावलेलं एलडीटी-४६५. सहा सिलिंडर, ४७८ घन इंच, म्हणजे सुमारे ७.८ लिटर. हे मल्टिफ्युएल इंजिन आहे. डिझेल, जेट इंधन, अडचणीच्या वेळी पेट्रोलसुद्धा जाळता यावं अशी त्याची रचना. त्यासाठी कॉन्टिनेंटलने जर्मनीच्या मान कंपनीची ‘एम’ पद्धत घेतली. तिच्यात इंधनाचा फवारा हवेत न सोडता पिस्टनमधल्या गोल वाटीच्या भिंतीवर पातळ थरासारखा पसरवतात, आणि त्या गरम भिंतीवरून वाफ होत होत ते जळतं. म्हणून हे इंजिन डिझेलच्या मानाने शांत चालतं. आपल्या फौजेचा शक्तिमान ट्रक, जो १९५९ पासून जबलपूरला तयार होत होता, तोही मानच्याच परवान्याखाली बनलेला, तेव्हा हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही.

पण भिंतच गार असली तर वाफ होणार कशी? तिथे ही पद्धत अडते. या इंजिनाला ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडर आतून तापवणारे विजेचे प्लग, नाहीत. २२:१ एवढं कॉम्प्रेशन (हवा बावीसपट दाबणं) असूनही कडाक्याच्या थंडीत ते नुसतं पांढरं धुमसत राहतं. म्हणून मॅनिफोल्डमध्येच डिझेलचा बारीक फवारा ठिणगीने पेटवायचा आणि आत जाणारी हवा गरम करायची, अशी सोय केली. डॅशबोर्डवर त्याचा स्प्रिंगचा स्विच असतो, सेल्फ मारताना तो दाबून धरायचा. स्विच धरला की इग्निशन युनिट ठिणगी देतं, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह उघडतो आणि नोझलमधून डिझेल उडतं. स्विच सोडला की व्हॉल्व्ह बंद.

बंद व्हायला हवा, असं म्हणायचं. पन्नास वर्षांच्या रबरी सीटवर आपण भरवसा ठेवून बसलेलो असतो. त्यात २००६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी कमी गंधकाचं, १५ पीपीएमचं (दहा लाखांत १५ भाग) डिझेल आलं. जुनी नायट्राइल रबरं वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेली असतात, नव्या डिझेलमध्ये ती आकसतात आणि कडक झालेली असली तर गळू लागतात. शिवाय मल्टिफ्युएल म्हणून लोक या ट्रकमध्ये वापरलेलं इंजिन ऑइल, गिअर ऑइल, जे मिळेल ते घालतात. त्यातला बारीक गाळ व्हॉल्व्हच्या सीटवर बसला की व्हॉल्व्ह कायमचा किंचित उघडा राहतो.

आता या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक मालक हीटर ‘काढतात’ म्हणजे काय करतात? इग्निशन युनिटची किंवा स्विचची वायर काढून ठेवतात आणि काम झालं असं समजतात. वायर काढली की ठिणगी बंद होते, डिझेल बंद होत नाही. ड्यूसच्या टाकीतच विजेवर चालणारा पंप आहे. ॲक्सेसरी स्विच, म्हणजे ट्रकची वीज चालू करणारा डॅशबोर्डवरचा स्विच, चालू केला की तो पंप लगेच लाइनला दाब देतो, आणि तो दाब हीटरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. व्हॉल्व्ह गळका असेल तर थेंब थेंब डिझेल मॅनिफोल्डच्या तळाशी साचतं. ठिणगी असती तर निदान ते जळलं तरी असतं. अर्धवट काढलेला हीटर हा चालू हीटरपेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट्या दिशेनेही तोच खेळ चालतो. गाडी उभी असताना दाब नसतो, इंजिनाजवळचं डिझेल हळूहळू खालच्या टाकीकडे उतरू पाहतं, आणि गळक्या व्हॉल्व्हमधून वरून हवा आत शिरते. म्हणून त्याच गाडीत दोन विरुद्ध वाटणाऱ्या तक्रारी एकदम दिसतात: मॅनिफोल्डमध्ये डिझेल जास्त, आणि पंपाकडे जाणाऱ्या लाइनने एअर पकडलेली. मेकॅनिक एकदा डिझेल जास्त येतंय म्हणतो, एकदा कमी येतंय म्हणतो, आणि मालक गोंधळतो. दोन्ही निदानं बरोबर असतात.

यात धोका नुसत्या धुराचा नाही. हिशेब करून बघा. ७.८ लिटरला सहाने भागलं की एका सिलिंडरला १.३ लिटर. कॉम्प्रेशन २२:१, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला गेल्यावर शिल्लक राहते ती जागा जेमतेम ६२ मिलिलिटर. एका कटिंग चहाएवढं डिझेल त्या सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. द्रव दाबला जात नाही. २४ व्होल्टच्या सेल्फमध्ये जोर भरपूर, तो दामटत राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सुरुवातीला जे ‘जड फिरणं’ म्हटलं ते कित्येकदा याचीच पहिली सूचना असते, आणि लोक बॅटरी उतरली समजून दुसऱ्या गाडीवरून जंप देतात. कृपा करून तसं करू नका.

दुसरा धोका इंजिन स्वतःहून रेस घेण्याचा. पंपाचा गव्हर्नर पंपातून येणाऱ्या डिझेलवर ताबा ठेवतो, हीटरमधून मॅनिफोल्डमध्ये आलेल्या डिझेलवर त्याची सत्ता नाही. स्टॉपची नॉब ओढल्यावर इंजिन तिथल्या तिथे मरायला हवं. ते चार-पाच सेकंद रेंगाळून मरत असेल तर सावध व्हा, कुठून तरी इंधन मिळतंय. उद्या तेच इंजिन थांबलंच नाही तर? ट्रक वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा, किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात लावायचा नाही, टर्बोवाल्या इंजिनाला तर मुळीच नाही. काम सुरू करायच्या आधी ती फळी जवळ आणून ठेवा.

गळती हीटरचीच आहे हे कसं ओळखायचं

अंदाजाने पार्ट काढू नका. गार इंजिनावरचा पांढरा धूर या जातीच्या इंजिनाला थोडा वेळ शोभतोच, मघाशी सांगितलेल्या भिंतीमुळे. इंजिन गरम झाल्यावर तो गेला आणि गाडी रोज चालवली तर त्रास होत नसेल, पण चार दिवस उभी राहिली की होत असेल, तर संशय हीटरवर. कूलंट कमी होतंय आणि धुराला गोडसर वास आहे तर हेड गॅस्केटकडे बघा, या इंजिनाला तीन-तीन सिलिंडरची दोन हेड आहेत आणि दोन्ही तपासावी लागतात. धूर निळसर असेल तर टर्बोचं सील किंवा रिंगा. ऑइलची पातळी वाढते आहे, डिपस्टिकला डिझेलचा वास येतो, पण मॅनिफोल्ड आतून कोरडं आहे, तर पंपाच्या आतली गळती जास्त संभवते.

मॅनिफोल्ड कोरडं आहे की ओलं, हे डोळ्यांनी बघता येतं. रात्रभर उभ्या गाडीवर हवेचा पाइप सोडवा आणि टॉर्च मारून आत बघा. तळाला काजळीचा कोरडा काळा थर असायला हवा. तिथे चकचकीत ओलावा असेल, बोट फिरवल्यावर काजळीचा पातळ काला हाताला लागत असेल, तर डिझेल येतंय.

पक्की परीक्षा व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हकडून नोझलकडे जाणारी बारीक पाइप नोझलच्या बाजूने सोडवा, तिच्या टोकाला पारदर्शक नळी लावा आणि नळी बाटलीत सोडा. इंजिन बंदच ठेवायचं. ॲक्सेसरी स्विच चालू करा, हीटरच्या स्विचला हात लावू नका. ब्रेकच्या हवेचा दाब उतरलेला असल्यामुळे बझर ओरडायला लागेल, तो या ट्रकचा नेहमीचाच. त्या आवाजात टाकीतल्या पंपाची घुरघुर ऐकू येत नाही, म्हणून पंप चालू आहे की नाही हे टाकीवर हात ठेवून बघा, थरथर जाणवते. दहा मिनिटं वाट बघा. चांगल्या व्हॉल्व्हमधून एक थेंबही यायला नको. बाटलीचा तळ ओला झाला तर तुमचा चोर सापडला.

परीक्षेत व्हॉल्व्ह चांगला निघाला आणि तुम्ही मिनेसोटा किंवा मिशिगनसारख्या ठिकाणी राहत असाल, तर हीटर काढू नका. तिथे तो कामाचा आहे. नोझल आणि ठिणगीचा प्लग साफ करा, पाइप बदला आणि वापरत राहा. व्हॉल्व्ह गळका निघाला तर थंड मुलखातल्या माणसाने व्हॉल्व्ह बदलावा. काढून टाकण्याचा सल्ला आमच्यासारख्यांना, जिथे हिवाळ्यातल्या मोजक्याच सकाळी पारा शून्याखाली जातो.

काढताना

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. अर्थिंगची केबल आधी काढा. डिझेलच्या लाइनजवळ पाना आणि २४ व्होल्ट हे एकत्र नको. चाकांना दोन्हीकडून अडण लावा. इंजिन पूर्ण गार असू द्या.

मॅनिफोल्ड ओलं सापडलं असेल तर कामाच्या आधी क्रँकपुलीवरून इंजिन हाताने फिरवा, पूर्ण दोन फेरे. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत सहाही सिलिंडर कॉम्प्रेशनमधून जातात. कुठे कठीण अडलं तर जोर लावायचा नाही. इंजेक्टर काढा, स्वतःचा चेहरा बाजूला ठेवा आणि मग फिरवा, साचलेलं डिझेल पिचकारीसारखं उडतं.

आता लाइनी. हीटरच्या लाइनी मूळ इंधनाच्या यंत्रणेला नेमक्या कुठे जोडल्या आहेत ते तुमच्या गाडीवर हाताने पाइप धरून शोधा. हे ट्रक वर्षानुवर्षं बनत होते आणि फौजेच्या डेपोंमध्ये पुन्हा पुन्हा बांधले गेले, त्यामुळे शेजारच्या ट्रकचा फोटो तुमच्या ट्रकला लागू होईलच असं नाही. अमेरिकन फौजेच्या टीएम (टेक्निकल मॅन्युअल) ९-२३२०-३६१ या मालिकेतली देखभालीची पुस्तिका उघडून समोर ठेवा. एक लाइन डिझेल आणते. परत टाकीकडे नेणारी लाइनही असेल तर तीही या कामात धरायची. लोक आणणारी बंद करतात आणि परतीची विसरतात. मग त्या उघड्या तोंडातून हवा शिरते आणि एअर पकडण्याची तक्रार तशीच राहते.

दोन्ही जोड मुळापाशी बंद करा, म्हणजे जिथे हीटरची फांदी फुटते तिथेच. मधेच पाइप कापून, दुमडून, रबरी नळीत बोल्ट ठोकून क्लिप आवळणं हा प्रकार मी कितीतरी ट्रकवर पाहिला आहे. तो दाबाखालचा डिझेलचा जोड आहे, जवळच एक्झॉस्ट तापतो आहे. पितळी किंवा स्टीलचा डमी प्लगच हवा. दुकानात जाताना काढलेलं फिटिंग खिशात घेऊन जा आणि आटे जुळवून घ्या. फ्लेअर फिटिंगमध्ये, म्हणजे पाइपचं तोंड पसरवून बसवलेल्या जोडात, ३७ अंशांचं आणि ४५ अंशांचं अशा दोन जाती असतात. डोळ्यांना सारखीच दिसतात, एकमेकांवर चढतातही कधी कधी, पण सील होत नाहीत. कितीही आवळा, पाझरणारच.

आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा एक धागा सुटला की तो इंजेक्शन पंपाकडे निघाला, आणि त्या पंपाच्या आत धाग्याला जागा नाही. इंधनाला टिकणारं द्रव सीलंट पहिला आटा कोरडा सोडून लावा.

मॅनिफोल्डवरचं भोक बंद करण्यासाठी ६ मिलिमीटरची स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. हीटर काढल्यावर जुनं गॅस्केट कागदावर ठेवून आकार उतरवा आणि भोकं त्यावरूनच मारा. नवीन गॅस्केट इंधनाला टिकणाऱ्या कागदाचं कापा. हीटर उचलल्याबरोबर त्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबत ठेवा. एवढ्याने मॅनिफोल्डमध्ये वॉशर पडण्याचं संकट टळतं. इथून पडलेली वस्तू सरळ व्हॉल्व्हकडे जाते. जुनं गॅस्केट खरवडायचं ते फडकं जागेवर असतानाच. मग फडकं काढायच्या आधी मोजदाद करा: जेवढे नट काढले तेवढे बाहेर आहेत का?

काही जण नुसती नोझल काढून तिच्या जागी प्लग मारतात आणि हीटरचं घर तसंच ठेवतात. टर्बो नसलेल्या इंजिनावर ते चालतं. टर्बोवाल्यावर मला ते पसंत नाही, कारण घराचं जुनं गॅस्केट आणि ठिणगीच्या प्लगचा वॉशर बूस्टच्या (टर्बोने ढकललेल्या हवेच्या) दाबाखाली फुसफुसतात आणि तिथे काळा डाग धरतो.

वायरी कापू नका. फौजी हार्नेसमध्ये प्रत्येक वायरला नंबर कोरलेली धातूची पट्टी असते आणि टोकाला रबरी खोळीचा कनेक्टर. कनेक्टर ओढून सोडवा, टोकाला डमी कनेक्टर किंवा उष्णतेने आवळणारी नळी लावा आणि वायर हार्नेसलाच बांधून ठेवा. डॅशबोर्डवरचा स्विच जागेवरच राहू द्या. त्यावर ‘जोडलेला नाही’ असं लेबल लावा, म्हणजे पुढचा मालक तो दाबून हीटरची वाट बघणार नाही. काढलेले सगळे भाग साफ करून, पाइपांची तोंडं बंद करून एका डब्यात ट्रकसोबतच ठेवा. हे ट्रक आता इतिहासाचा भाग होत चालले आहेत. उद्या कोणाला तो मूळ रूपात उभा करायचा असेल तर हा डबा त्याला सोन्यासारखा वाटेल.

नंतरची तपासणी

बॅटरी जोडा, ॲक्सेसरी स्विच चालू करा, आणि सेल्फ न मारता टाकीतल्या पंपाला काम करू द्या. फिल्टरांवरच्या स्क्रूमधून एअर काढा. दोन्ही डमी प्लगांभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा, डोळ्यांना न दिसणारा पाझरही कागदावर डाग देतो. मग इंजिन सुरू करा. आत उरलेलं डिझेल जळेपर्यंत पहिल्या वेळी धूर होईल, त्याने निराश होऊ नका. इंजिन थोडं तापलं की पट्टीच्या कडेने साबणाचं पाणी सोडा आणि कोणाला तरी रेस द्यायला सांगा. बुडबुडे आले तर गॅस्केट पुन्हा बसवा.

ऑइल बदला. मॅनिफोल्डमध्ये साचलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरलेलं असतं, आणि पातळ झालेल्या ऑइलवर ट्रक चालवणं म्हणजे बेअरिंगांचं आयुष्य कमी करणं. डिपस्टिकला वास येत नसला तरी या कामानंतर ऑइल बदलावं असंच मी सांगेन.

खरा निकाल मात्र गाडी पुन्हा आठ-दहा दिवस उभी राहिल्यावरच लागतो. त्या सकाळी आधी हवेचा पाइप सोडवून आत टॉर्च मारा. कोरडं असेल तर निर्धास्त सेल्फ मारा. ओलं असेल तर इंधनाची दुसरी वाट अजून उघडी आहे, बहुतेक परतीची लाइन किंवा एखादा गळका इंजेक्टर.

राहिला प्रश्न थंडीचा. हीटर गेल्यावर लोकांचा हात पहिल्यांदा ईथरच्या डब्याकडे जातो. २२:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात ईथर फार लवकर पेटतं, पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर घण पडतो. रिंगा तुटतात. हीटर जोडलेला असताना तर ईथर मारणं म्हणजे उघड्या ज्वाळेवर मारणं, तो विचारही नको. माझ्या मते सरळ उपाय एकच, कूलंट गरम करणारा ब्लॉक हीटर. तो घरच्या विजेवर चालतो. रात्री लावून ठेवला की सकाळी ब्लॉक आणि हेड कोमट असतात आणि वाटीच्या भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

त्याला एकच मर्यादा आहे, आणि ती टेक्सासच्या लोकांना २०२१ च्या फेब्रुवारीत कळली. पारा गोठणबिंदूच्या खूप खाली गेला आणि त्याच दिवसांत वीजही गेली. तुमचा ड्यूस अशाच प्रसंगी उपयोगी पडावा म्हणून तुम्ही ठेवला असेल, शेतावर किंवा बचावकामासाठी, तर दोन पर्याय आहेत: ब्लॉक हीटर चालवण्याइतका छोटा जनरेटर ट्रकसोबत ठेवा, किंवा नवीन व्हॉल्व्ह घालून फ्लेम हीटर चालू स्थितीत राखा आणि दर हिवाळ्याच्या तोंडाला बाटलीची ती परीक्षा घ्या.